प्राथमिक समूह आणि मातृभाषेचे जीवन

'समूह' हा शब्द आपण व्यवहारात फार सैलपणे वापरतो. रेल्वेच्या तिकीटखिडकीपुढील रांग हाही समूह, सहकारी पेढीचे सभासद हाही समूह, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून गप्पा मारणारे चार शेजारी हाही समूहच. समाजशास्त्राला हा सैलपणा चालत नाही. रांगेतील माणसे परस्परांना ओळखत नाहीत; तिकीट हाती पडले की त्यांचा संबंध संपला. पेढीच्या सभासदांना एका ठराविक हेतूने व लेखी नियमांनी एकत्र आणलेले असते. ओट्यावरच्या चौघांना कोणत्याही नियमाने बांधलेले नाही. तरी त्यांच्यापैकी एक जण दोन दिवस दिसला नाही, तर उरलेले तिघे त्याच्या दारी चौकशीला जातात. या तिसऱ्या प्रकारच्या लहान व घनिष्ठ समूहाला समाजशास्त्रात 'प्राथमिक समूह' असे नाव आहे. त्याचे स्वरूप काय, त्याच्या ठिकाणी एवढे सामर्थ्य कोठून येते, आणि महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या मराठी भाषकांनी त्याचा विचार करणे का अगत्याचे आहे, हे या लेखात पाहावयाचे आम्ही योजिले आहे.

ही संज्ञा रूढ केली ती अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे अध्यापक चार्ल्स हॉर्टन कूली (१८६४–१९२९) यांनी. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या 'सोशल ऑर्गनायझेशन' या ग्रंथात त्यांनी समोरासमोरचा निकट सहवास आणि सहकार्य हे या समूहाचे लक्षण सांगितले, आणि त्याची तीन प्रमुख उदाहरणे दिली : कुटुंब, मुलांचा खेळगट, आणि शेजार किंवा मोठ्या माणसांचा गावसमाज. ही तीन उदाहरणे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. पुढे त्यांच्याकडे परत यावयाचे आहे.

'प्राथमिक' हा शब्द ऐकताच आपणा शिक्षकांच्या डोळ्यांपुढे प्राथमिक शाळा उभी राहते, आणि हा समूह खालच्या पायरीचा, पुढे ओलांडून जावयाचा, असा समज होतो. कूली यांना तो अर्थ अभिप्रेत नव्हता. हे समूह प्राथमिक आहेत ते दोन अर्थांनी. एक तर मनुष्याच्या आयुष्यात ते सर्वांच्या आधी येतात. आणि दुसरे, अधिक महत्त्वाचे, म्हणजे मनुष्याचा सामाजिक स्वभाव व त्याचे आदर्श त्यांच्यातच घडतात. निष्ठा, खरेपणा, वाटून घेणे, दिलेला शब्द पाळणे, दुर्बळाची कड घेणे, या गोष्टी कोणीही व्याख्यान ऐकून शिकलेला नसतो. विटीदांडूच्या डावात 'राज्य' चुकवू पाहणाऱ्या मुलाला त्याचे सवंगडी जे सुनावतात, त्यातून न्यायाची पहिली कल्पना मनात रुजते. 'मी' ही जाणीवसुद्धा एकट्याने होत नाही. इतरांच्या नजरेत आपण कसे दिसतो याच्या कल्पनेतून मनुष्य स्वतःला ओळखू लागतो, हा विचार कूली यांनी १९०२ मध्येच आरशाच्या रूपकाने मांडला होता. आणि मूल 'मी', 'माझे' हे शब्द कसे शिकते यावर, आपल्याच घरातील अपत्याचे बोलणे टिपून, त्यांनी १९०८ साली एक निबंध लिहिला होता. स्वत्वाचा उगम शोधू जाणाऱ्या या विचारवंताला घरातल्या बोलण्यापाशी यावे लागले, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे.

लहान व निकट संबंधांचा विचार कूली यांच्या आधी कोणी केला नव्हता असे नव्हे. फर्डिनंड ट्यनिस या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १८८७ सालीच सहज जुळलेला, आत्मीयतेचा समाज आणि हिशेबाने व कराराने जुळवलेला समाज असा भेद केला होता. पण ट्यनिस यांची दृष्टी मुख्यतः समाजाच्या दोन प्रकारांवर होती. आधुनिक, कराराने चाललेल्या समाजाच्या पोटातही छोटे घनिष्ठ समूह जिवंत राहतात व त्यालाच पोसतात, ही गोष्ट कूली यांच्या मांडणीने विशेष स्पष्ट झाली.

पुढे किंग्ज्ली डेव्हिस यांनी १९४९ सालच्या 'ह्यूमन सोसायटी' या ग्रंथात या कल्पनेला अधिक रेखीव रूप दिले. प्राथमिक संबंध जुळण्यास अनुकूल अशा तीन बाह्य अटी त्यांनी सांगितल्या : शारीरिक सान्निध्य, समूहाचा लहान आकार आणि संबंधाचा टिकाऊपणा. माणसे जवळ असावीत, थोडी असावीत आणि दीर्घकाळ एकत्र असावीत. या अटी पुऱ्या झाल्या म्हणजे संबंध जुळेलच असे नाही. पण त्या नसतील तर तो जुळणे फार कठीण. संबंध जुळल्यावर त्याला जे गुण येतात ते असे. त्यातील माणसे एकमेकांचे हित आपलेच मानतात. संबंध हेच साध्य असते, दुसऱ्या कशाचे साधन नसते. तो विशिष्ट व्यक्तीशी असतो. तिच्या जागी दुसरी आणून बसवता येत नाही. तो सर्वांगीण असतो, म्हणजे माणसाचा एखादाच पैलू नव्हे, तर अख्खा माणूस त्यात येतो. आणि तो आपखुशीचा असतो.

दुकानदार बदलला तरी आपले वाणसामान येतच राहते. आजी गेली तर तिच्या जागी दुसरी आजी नेमता येत नाही. हा भेद ज्याला कळला त्याला प्राथमिक समूहाचे मर्म कळले असे म्हणावयास हरकत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. समोरासमोर असणे म्हणजेच प्राथमिक असणे नव्हे. एल्झवर्थ फॅरिस यांनी १९३२ साली हे नेमके दाखवून दिले. न्यायालयात न्यायाधीश, आरोपी व वकील समोरासमोर असतात, म्हणून त्यांचा प्राथमिक समूह होत नाही. उलट दूर दूर विखुरलेले आप्त केवळ पत्रांच्या आधारे घट्ट बांधलेले राहू शकतात. सान्निध्य ही अनुकूल परिस्थिती होय. आत्मीयता, 'आपण' असे सहज म्हणता येणे, हे सार होय.

त्याचप्रमाणे प्राथमिक समूहात केवळ माया आणि सौख्यच नांदते असेही नाही. त्यात स्पर्धा असते, रुसवेफुगवे असतात, स्वतःचे महत्त्व मिरवण्याची हौस असते, हे कूली यांनी स्वतःच नमूद केले आहे. मात्र ही भांडणे समूहाच्या मर्यादेत राहतात. भावंडे जितकी भांडतात तितके परके भांडत नाहीत. पण परके भांडले की तुटतात, आणि भावंडे संध्याकाळी एका ताटात जेवतात.

याच्या उलट ज्यांना पुढील अभ्यासकांनी 'दुय्यम समूह' म्हटले, ते मोठे, हेतुबद्ध आणि नियमबद्ध असतात. त्यांत घटना असते, वर्गणी असते, गणसंख्या असते, आणि पदावरची व्यक्ती बदलली तरी पद कायम राहते. आपली अकादमी हा असाच दुय्यम समूह आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. ग्रंथालय चालवणे, पुस्तके छापणे, सरकारदरबारी मागणी मांडणे ही कामे ओट्यावरच्या चौघांच्याने होणारी नव्हेत. प्रश्न एवढाच की दुय्यम समूहाच्या हातून कोणते काम होते आणि कोणते होत नाही.

प्राथमिक समूहाचे सामर्थ्य किती असते याची दोन उदाहरणे समाजशास्त्रात प्रसिद्ध आहेत. पहिले शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यातील. टेलिफोनच्या यंत्रसामग्रीत तारा जोडणाऱ्या चौदा कामगारांचे १९३१–३२ मध्ये एका स्वतंत्र खोलीत निरीक्षण करण्यात आले. गटाने जितके अधिक काम करावे तितकी सर्वांची मिळकत वाढावी, अशी वेतनाची योजना होती. हिशेबाने पाहता प्रत्येकाने होईल तितके काम करावयास हवे होते. प्रत्यक्षात कामगारांनी आपसात दिवसाच्या कामाचे एक प्रमाण ठरवून टाकले होते. त्याहून फार अधिक करणारा तोंडघशी पडे, फार कमी करणारा नालायक ठरे, आणि वरिष्ठांकडे चुगली करणारा सर्वांच्या मनातून उतरे. नियम मोडणाऱ्याच्या दंडावर सोबती एक ठोसा लगावीत. एवढी शिक्षा पुरेशी होई. कंपनीचा लेखी नियम आणि पैशाचे आमिष या दोहोंवर चौदा जणांच्या अलिखित मताने मात केली.

दुसरे उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील. पराभव दिसत असतानाही जर्मन सैनिक इतक्या चिकाटीने का लढत राहिले, याचा शोध एडवर्ड शिल्झ आणि मॉरिस जॅनोविट्झ यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात घेतला. सामान्य शिपायाला राजकीय तत्त्वज्ञानापेक्षा आपल्या तुकडीतील सोबत्यांच्या सहवासाने व त्यांच्याविषयीच्या निष्ठेने अधिक बांधून ठेवले होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तुकडी शाबूत तोवर लढा चाले. तुकडी फुटली की शरणागती सुरू होई. या उदाहरणातून दुसरीही एक गोष्ट दिसते : प्राथमिक समूहाची शक्ती भल्याच्या कामी येईल तशीच बुऱ्याच्याही येऊ शकते.

जे काम पैसा व हुकूम करू शकत नाहीत ते लहान समूह सहज करतो, तर भाषा जगवण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न आपोआपच पुढे येतो. भाषा ही मुळात प्राथमिक समूहाची निर्मिती आहे. मूल भाषा शिकते ते व्याकरणासाठी नव्हे. ज्यांच्यात त्याला राहावयाचे आहे त्यांच्यात सामील होण्यासाठी. म्हणूनच परमुलखात वाढणारी मुले उच्चाराची लकब आईबापांची न उचलता सवंगड्यांची उचलतात, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. भाषेचा ऱ्हास आणि पुनरुज्जीवन यांचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या जॉशुआ फिशमन यांनी १९९१ सालच्या आपल्या ग्रंथात हेच सूत्र आग्रहाने मांडले : घर, कुटुंब आणि शेजार येथे एका पिढीकडून दुसरीकडे भाषा जात नसेल, तर शाळा, वृत्तपत्रे व सरकारी मान्यता यांनी तिचे जीवन टिकत नाही. कूली यांची तीन उदाहरणे येथे जवळजवळ जशीच्या तशी परत आलेली दिसतील.

आयर्लंडचा दाखला बोलका आहे. १९२२ साली स्वतंत्र राज्य स्थापन झाल्यापासून तेथे आयरिश भाषेला राज्याचा पाठिंबा मिळाला आणि शाळांतून ती शिकवली गेली. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपणास आयरिश बोलता येते असे सांगितले. पण शिक्षणाच्या क्षेत्राबाहेर ती रोज बोलणारे निघाले फक्त सुमारे ७२ हजार. शाळेने भाषा येणारे निर्माण केले. भाषेत राहणारे निर्माण करणे तिच्या हाती नव्हते.

आपल्या मराठीच्या इतिहासातही असे दोन दाखले आहेत, आणि ते शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. तंजावरात व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी राज्य स्थापिले. १८५५ मध्ये इंग्रजांनी ते खालसा केले. दरबार गेला, राजाश्रय गेला, मुले तमिळ व इंग्रजी शाळांत शिकली. तरीही तेथील मराठी कुटुंबांत, तमिळच्या छायेत पुष्कळ बदललेली का होईना, मराठी बोली टिकून राहिली. अनेकांना देवनागरी वाचता येत नाही, पण आजीशी बोलता येते. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांची स्थिती नेमकी उलट आहे. तेथे शाळांतून मराठी शिकवली जाते, मराठीच्या संस्था आहेत, सण निष्ठेने पाळले जातात. पण बहुतेक घरांतील आणि मुलांच्या खेळातील भाषा क्रिओल झाली आहे. एकीकडे संस्थांच्या आधारावाचून घराने भाषा तगवली. दुसरीकडे संस्था निष्ठेने झटत असूनही घराची भाषा बदलली. दोहोंची परिस्थिती निरनिराळी आहे, आणि मॉरिशसमधील बांधवांच्या प्रयत्नांना आम्ही उणे लेखत नाही. पण कोणत्या समूहाकडून कोणते काम होते, हे या तुलनेवरून स्पष्ट व्हावे.

आता आपल्याकडे वळू. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा शहरांत मराठी टिकली ती काही केवळ होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या आश्रयाने नव्हे. संस्थाने १९४८–४९ च्या सुमारास विलीन झाली, त्यानंतरही दोनतीन पिढ्या भाषा जोमात राहिली. कारण तिन्ही प्राथमिक समूह शाबूत होते. घरात आजी-आजोबा होते. वाड्याच्या चौकात लगोरी, लपंडाव आणि भोंडला मराठीत चालत असे. शेजारी कोणाकडे हळदीकुंकू, कोणाकडे भजन, असा वडीलधाऱ्यांचा राबता असे.

आज या तिघांपैकी खेळगट सर्वांच्या आधी गेला. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही अनेक वर्षे हे पाहात आलो आहोत : मराठी घरची दोन मुले, एकमेकांची मातृभाषा ठाऊक असूनही, परस्परांशी हिंदीत बोलतात. त्यांना मराठीचा कंटाळा आहे असे नव्हे. खेळाची भाषा हिंदी आहे, आणि खेळात जो रंगला त्याला भाषा निवडावी लागत नाही. त्यामागोमाग शेजार गेला. वाडे पडले, सदनिका आल्या, आणि दाराला दार लागून असलेली कुटुंबे निरनिराळ्या भाषांची झाली. राहिले घर. तेही लहान झाले आहे. आई-वडील दोघेही नोकरीला, आजी-आजोबा दुसऱ्या गावी. मग 'अभ्यासात मागे पडू नये' म्हणून घरातही हिंदी वा इंग्रजी शिरते. हिंदीशी आमचे वैर नाही. मुलांनी ती उत्तम बोलावी. पण तीन खांबांवर उभे असलेले छप्पर एका खांबावर, आणि तोही बारीक झालेल्या खांबावर, किती काळ तोलून धरावयाचे, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

हा विचार करताना जुन्या समूहांचे गोडवे गाऊन भागणार नाही. प्राथमिक समूहाची घट्ट वीण जशी आतल्यांना सांभाळते, तशीच बाहेरच्यांना बाहेर ठेवते. कूली यांची श्रद्धा अशी की घरात व खेळात शिकलेली निष्ठा आणि न्यायबुद्धी हळूहळू विस्तारत सबंध समाजाला कवेत घेते. पण हा विस्तार आपोआप होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १८९१ साली इंदूरजवळच्या महू छावणीत, मराठी बोलणाऱ्या लष्करी कुटुंबात झाला. १९३६ सालच्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या प्रबंधात त्यांनी दाखवून दिले की जातीने माणसाची सद्भावना, कर्तव्यबुद्धी व निष्ठा तिच्या कुंपणापुरती आखडून टाकली आहे. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या मंडळांना हा आरसा लावून पाहावयास हवा. छावणीतील, गिरण्यांतील, कारागिरांच्या वस्त्यांतील मराठी कुटुंबे आपल्या हळदीकुंकवाला आणि व्याख्यानमालेला कितीशी बोलावली गेली? 'आपण' म्हणताना ज्यांना आपण मोजले नाही, त्यांची मराठीही आपण गमावली.

मग अकादमीने करावे काय? ती स्वतः कुटुंब होऊ शकत नाही. पण प्राथमिक समूह उगवावेत अशी जमीन ती नांगरून देऊ शकते. न्यूझीलंडमधील माओरी लोकांनी १९८२ पासून हेच केले. तरुण पालकांच्या पिढीला भाषा नीटशी येत नव्हती, पण वृद्धांना येत होती. त्यांनी वृद्धांना आणि शाळेत जाण्याआधीच्या चिमुकल्या मुलांना एकत्र आणले, आणि त्या केंद्रांना नाव दिले 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेचे घरटे. शाळा न म्हणता घरटे म्हटले, यातच त्यांची समज दिसते.

आपले उपक्रम डेव्हिस यांच्या तीन अटींवर पारखून पाहावेत. वार्षिक स्नेहसंमेलन मोठे असते; त्यात लहान आकाराची अट पुरी होत नाही. तीन दिवसांच्या शिबिरात टिकाऊपणा नसतो. संगणकाच्या पडद्यावरील वर्गात सान्निध्य कमी. फॅरिस म्हणतात त्याप्रमाणे दुरूनही जिव्हाळा राहू शकतो, पण तो आधी जडलेला असावा लागतो. या सर्व उपक्रमांचा उपयोग आहेच. पण भाषा पुढच्या पिढीकडे सोपवण्याचे काम त्यांच्याकडून होणार नाही. ते व्हावयाचे तर आठदहा मुले, एकच जागा, आठवड्यातून दोनतीन संध्याकाळी, आणि हे वर्षानुवर्षे, असा क्रम हवा. सोबत एखादी आजी किंवा आजोबा असावेत. त्यांनी शिकवू नये, गोष्टी सांगाव्यात, खेळ लावून द्यावेत आणि मुलांच्या भांडणांत मराठीत निवाडा करावा. परीक्षा नको, प्रमाणपत्र नको, बक्षीस तर मुळीच नको. कारण संबंध साधन झाला की तो प्राथमिक राहत नाही. मुले निरनिराळ्या वस्त्यांतील आणि सर्व जातींची असावीत. अकादमीने जागा द्यावी, दिवाबत्तीचा खर्च करावा, मुलांच्या सुरक्षिततेची काळजी घ्यावी, आणि बाकी बाजूस राहावे.

असे एखादे मंडळ वर्तमानपत्रात छापून येणार नाही, आणि वार्षिक अहवालात त्याला एका ओळीपेक्षा अधिक जागा मिळणार नाही. पण त्यातील दोन मुले उद्या आमच्या शाळेच्या मैदानावर एकमेकांना मराठीत हाक मारू लागली, तर एक खेळगट मराठीला परत मिळाला असे होईल. अकादमीच्या प्रत्येक सभासदाने आपल्या गल्लीत अशी आठ मुले मिळतात का, हे या सुट्टीत पाहावे, एवढीच आमची सूचना आहे.